एक हात की दोन? सहासष्टाव्या वर्षीच्या बॅकहँडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या गृहस्थांना आपण नाना म्हणू. वय सहासष्ट, उजव्या हाताने खेळणारे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहणारे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, कोपर तेवढं जसंच्या तसं ठेवलं आहे. मी त्यांचा टेनिस डबल्समधला जोडीदार, पाच वर्षांनी लहान. नोकरीत असताना यंत्रांच्या बिघाडाचे अहवाल लिहायचो, ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. म्हणून नानांच्या बॅकहँडची, म्हणजे डाव्या अंगाला आलेल्या चेंडूवर ते मारतात त्या फटक्याची, आठ महिन्यांची नोंद माझ्या डायरीत आहे. त्या बिघाडात माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच.

नाना टेनिस शिकले ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, कॉलेजात. लाकडी रॅकेट, खेळून झालं की ती वाकडी होऊ नये म्हणून लाकडी चौकटीत घालून चार कोपऱ्यांचे स्क्रू आवळायचे. फोरहँड, बॅकहँड, सर्व्हिस, सगळ्याला एकच ग्रिप, हातोडी धरावी तशी. बॅकहँड अर्थातच एका हाताचा. बोर्ग आणि कॉनर्स हे अव्वल खेळाडू तेव्हाही दोन हातांनी मारत होते, पण नानांचे सर म्हणायचे की ते अपवाद, आपण सरळ मार्गाने जावं. पुढे नोकरी, संसार, मधली पस्तीसेक वर्षं रॅकेट माळ्यावर. साठीला निवृत्त झाल्यावर नाना परत कोर्टावर आले. आठवड्यातून सहा सकाळी, सव्वासहा ते साडेसात, सिमेंटचं कोर्ट, चौघांचं डबल्स, मग जीरावण मसाला भुरभुरलेले पोहे. सहा वर्षं हे बिनतक्रार चाललं.

दोन गोष्टी आणखी सांगायला हव्यात, कारण त्या पुढे महत्त्वाच्या ठरल्या. नानांना मधुमेह आहे, गोळ्यांवर ताब्यात. आणि तीन वर्षांपूर्वी त्यांचा डावा खांदा जखडला होता. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. खांदा सुटला, पण पुरता नाही. डावा हात कोपरात वाकवून बाहेरच्या बाजूला फिरवला की ठरावीक जागी अडतो.

अडचण

वाढदिवसाला मुलाने बंगळूरहून नवी रॅकेट पाठवली. वजनाला हलकी, पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, फ्रेम ताठ, आणि गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारांची जाळी, पॉलिएस्टरचं, छप्पन्न पौंडांवर ताणलेलं. तरुण, जोरात घुमवणाऱ्या हातासाठी बनवलेली वस्तू. नाना खूश. नोव्हेंबरची थंडी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पोह्यांची बशी डाव्या हाताने उचलली. मी बघितलं, विचारलं नाही. मग नळ पिळताना, टॉवेल पिळताना, स्कूटरचा ॲक्सिलरेटर फिरवताना कळ यायला लागली. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर बोट ठेवलं की नाना तोंड वाकडं करायचे.

टेनिस एल्बो. मराठी घरांमध्ये हे नाव पोचलं ते २००४ साली सचिनमुळे. पुढल्या वर्षी त्याला शस्त्रक्रियाच करावी लागली. तेव्हा घराघरांत ज्याला त्याला कोपर दुखायला लागलं होतं. प्रत्यक्षात हा त्रास होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते, त्यात सुतार असतात, रंगारी असतात, दिवसभर माउस धरून बसणारे असतात. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका कंडरेने चिकटलेले असतात. बॅकहँड मारताना चेंडू रॅकेटला मागे ढकलतो आणि मनगट कोलमडू नये म्हणून याच स्नायूंना तो धक्का पेलावा लागतो. मनगट सरळ किंवा किंचित मागे झुकलेलं असेल तर ते पेलतात. पुढे वाकलेलं असेल तर ताण कंडरेच्या मुळावर जातो.

नानांचं मनगट वाकत होतं का? आमच्या क्लबच्या मार्करने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. (मार्कर म्हणजे सभासदांबरोबर खेळायला क्लबने ठेवलेला माणूस. आमचा मार्कर पंचविशीचा, हिंदी बोलणारा आणि आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणा.) चित्रणात स्वच्छ दिसलं. चेंडू टप्पा घेऊन खांद्यापर्यंत चढतोय, नानांचं कोपर आधी पुढे घुसतंय, मनगट वाकतंय, आणि चेंडू रॅकेटला लागतोय तो पुढच्या पायाच्याही मागे, जवळजवळ कमरेशी. हातोडीच्या ग्रिपने कमरेच्या उंचीचा चेंडू झकास मारता येतो. खांद्याच्या उंचीवर रॅकेटचं तोंड आकाशाकडे उघडतं आणि ते बंद करायला मनगट वाकवावंच लागतं. सिमेंटवर चेंडू उंच उसळतो. शिवाय नाना उभे असायचे डाव्या कोर्टात, म्हणजे ॲड कोर्टात. तिथे उजव्या हाताच्या खेळाडूचा बॅकहँड बाहेरच्या अंगाला येतो. समोरचे सर्व्हिस तिकडेच काढायचे आणि डोक्यावरून उंच टाकायचे लॉबही त्याच कोपऱ्यात टाकायचे. आमच्या क्लबात कुणाचं काय दुखतं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याची दया फक्त पोह्यांच्या टेबलावर केली जाते.

समोर असलेले पर्याय

खेळणं थांबवायचं, हा वहिनींचा पर्याय. त्यात तथ्य होतं, कारण बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात आपोआप ओसरतं. पण सहासष्टाव्या वर्षी वर्षभर बसलेला माणूस सदुसष्टाव्या वर्षी कोर्टावर येतोच असं नाही, आणि नानांची साखर सकाळच्या त्या सव्वा तासावर बरीचशी अवलंबून होती. पूर्ण बंद नको, असं ठरलं.

इंजेक्शन. कोर्टावरच्या एकाने स्टिरॉइडचं घेतलं होतं आणि दहा दिवसांत तो सर्व्हिस करत होता. नाना जवळजवळ तयार झाले होते. त्यांची फिजिओथेरपिस्ट म्हणजे ओळखीतलीच मुलगी, नानांना काका म्हणणारी. ती म्हणाली, ‘‘काका, पहिल्या महिन्यात बरं वाटेल. पण वर्षाने बघितलं तर इंजेक्शन घेतलेल्यांचं दुखणं उलटण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त असतं. आणि तुमची साखर काही दिवस वर जाईल ती वेगळीच.’’ इंजेक्शन बाद.

तिसरा पर्याय एकाच हाताचा बॅकहँड दुरुस्त करण्याचा. म्हणजे ग्रिप बदलून तर्जनीच्या मुळाचा सांधा दांड्याच्या वर आणायचा, खांदा लवकर वळवायचा, चेंडू पुढच्या पायाच्या पुढे गाठायचा. यासाठी चेंडू लवकर दिसायला हवा आणि पाय त्याहून लवकर हलायला हवेत. नाना स्वतःच म्हणाले, ‘‘पाय हलत असते तर बॅकहँड मारलाच कशाला असता? फिरून फोरहँड मारला असता की!’’

चौथा, दोन हातांचा बॅकहँड. याचा वकील मी. दुसरा हात आला की धक्का वाटला जातो, उजव्या कोपरावर एकट्यावर भार येत नाही, खांद्याच्या उंचीचा चेंडू दाबून मारता येतो आणि थोडा उशीर झाला तरी चालतो. तोटा म्हणजे हाताची पोच कमी होते, लांबचा चेंडू गाठायला एक पाऊल जास्त टाकावं लागतं. मी पुरावाही जोडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या क्रमवारीतल्या पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही, १९७३ साली क्रमवारी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. नाना म्हणाले, ‘‘आणि त्याच्या आदल्याच महिन्यात बोपण्णाने त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली, ती कितव्या हाताने?’’ एका. आज वाचताना कळतं की या दोन्ही गोष्टींचा नानांच्या कोपराशी काडीचा संबंध नव्हता. पण त्या सकाळी चौघांनीही बाजू घेतल्या. ‘‘दोन हातांनी काय, बादली उचलायची आहे का?’’ हे नानांचं वाक्य डायरीत आहे.

पाचवा, फक्त स्लाइस, म्हणजे चेंडूला उलटी फिरकी देत कापून मारायचा फटका. नाना त्याला ‘कापाकापी’ म्हणायचे आणि तो हरलेल्या माणसाचा फटका समजायचे. मी त्यांना जुन्या ऑस्ट्रेलियन खेळाडूची, केन रोजवॉलची आठवण दिली. त्याच्या स्लाइसची जगभर ख्याती, आणि १९७४ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी तो विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात होता. नाना म्हणाले, ‘‘आणि तिथे त्याला एकवीस वर्षांच्या कॉनर्सने धुतलं. दोन हातांनी.’’ स्वतःच्या मताविरुद्धचा पुरावा देतानाही जिंकायची हौस!

सहावा पर्याय कागदावर नव्हता. तो मार्करने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोंडी दिला होता: ‘‘अंकल जी, बैकहैंड को क्या रो रहे हो, आप गलत कोने में खड़े हो.’’ आम्ही हसलो. माझं हसणं जरा जास्तच मोठं होतं, कारण दुसऱ्या कोपऱ्यात मी होतो.

काय केलं

पहिले पाच आठवडे आम्ही काहीच केलं नाही, हा पहिला निर्णय. नानांनी कोपराखाली पट्टा बांधला, तोही हाडावरच. फिजिओने नंतर तो दोन बोटं खाली, स्नायूवर सरकवला. सकाळी थंडीने कडक झालेले चेंडू, ताठ रॅकेट, आणि खेळण्याआधी गोळी घेऊन उतरायचं. दुखणं गोळीने झाकलं आणि नाना आणखी जोरात मारायला लागले.

डिसेंबरच्या मध्यावर दोन हातांचा प्रयोग सुरू झाला. डावा हात दांड्यावर वरच्या बाजूला, आणि खरं काम त्याचंच, उजवा नुसता वाटाड्या. म्हणून आधी फक्त डाव्या हाताने फोरहँड मारायचे, सर्व्हिस रेषेवरून, मार्करने हाताने टाकलेले चेंडू. आयुष्यभर उजव्या हाताने खडू धरलेला माणूस डाव्या हाताने चेंडू जाळीपलीकडे घालू लागला तो नवव्या दिवशी, आणि त्या दिवशी पोह्यांचे पैसे त्यांनीच दिले. संक्रांतीपर्यंत उजवं कोपर खरंच शांत झालं होतं. तिळगूळ देताना नाना मला म्हणाले, ‘‘तुझंच बरोबर होतं.’’ मी ते डायरीत तारखेसकट लिहिलं.

त्याच आठवड्यात ते डाव्या कुशीवर झोपेनासे झाले. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये रॅकेट मागे नेताना डावा हात बाहेरच्या बाजूला फिरतो, आणि नानांच्या जखडलेल्या खांद्याची नेमकी तीच दिशा अडकलेली होती. हे आधी लक्षात यायला हवं होतं. फिजिओला खांद्याचं ठाऊक होतं पण बॅकहँडचं सांगितलं नव्हतं, मार्करला बॅकहँडचं ठाऊक होतं पण खांद्याचं नव्हतं, आणि मला दोन्ही ठाऊक होतं. जानेवारीच्या शेवटी दोन हातांचा लांब फटका बंद केला.

त्यानंतरचा आठवडा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कोर्टावर घडला नाही. फिजिओने एक साधा प्रश्न विचारला: ‘‘काका, कोणता चेंडू मारल्यावर दुखतं?’’ आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन महिने आम्ही ‘बॅकहँड’ या एका शब्दावर भांडत होतो. मग मी तीन सकाळी बाकावर बसून नुसत्या खुणा केल्या. निम्म्याहून जास्त बॅकहँड खांद्याच्या उंचीचे आणि डाव्या बाजूला लांब पडणारे होते. दुखायचं ते त्यांनीच. कमरेच्या उंचीचा, अंगाजवळचा चेंडू नाना एका हाताने अजूनही सुरेख काढत होते, न दुखता.

मार्कर बरोबर होता. उजव्या कोर्टात, म्हणजे ड्यूस कोर्टात, उजव्या हाताच्या खेळाडूचा बॅकहँड मधल्या रेषेच्या बाजूला येतो. तिथे त्याला बाहेर पळवता येत नाही, आणि मधला उंच चेंडू डाव्या कोर्टातल्या जोडीदाराला फोरहँडने घेता येतो. म्हणजे मला. मी चार वर्षं उजव्या कोर्टात खेळत होतो, माझा बाहेरचा फोरहँड बऱ्यापैकी होता आणि ॲड कोर्टातून निर्णायक गुणाची सर्व्हिस परतवणं मला झेपत नव्हतं. हे मी कधी उघड बोललो नव्हतो. नानांचा पन्नास वर्षांचा फटका बदलायला मी उत्साहाने दोन महिने दिले आणि माझी जागा सोडायला आणखी दोन आठवडे घेतले. फेब्रुवारीच्या मध्यावर बाजू बदलली.

त्याच सुमारास बाकीच्याही गोष्टी बदलल्या. नव्या रॅकेटला रजा देऊन जुनी, तीनशे दहा ग्रॅमची काढली. तिला पॉलिएस्टरऐवजी मऊ, अनेक तंतूंचं गट घालून अठ्ठेचाळीस पौंडांवर ताणलं. दांडा बारीक झाला होता, त्यावर आणखी एक ओव्हरग्रिप चढवली. मूठ वळल्यावर बोटांची टोकं आणि अंगठ्याखालची गादी यांत एक बोट मावेल इतका. आणि रोजचा व्यायाम: हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. ती सावकाश खाली सोडायची, वर आणताना डाव्या हाताने मदत करायची. पंधराचे तीन फेरे. पंधरवड्याने वजन वाढवलं. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळी वाढलं तर नाही, एवढाच नियम.

फटक्यांची वाटणी अशी झाली. छातीच्या खालचं सगळं स्लाइस. जुनीच हातोडीची ग्रिप इथे कामाला आली, त्यामुळे नानांना नवं शिकायचं जवळजवळ काही उरलं नाही. खांदा वळवायचा, डाव्या हाताने रॅकेटचा गळा शेवटपर्यंत धरून ठेवायचा, रॅकेट चेंडूच्या वरून पुढे घसरू द्यायची, मूठ सैल. कुऱ्हाडीसारखा घाव घातला की कोपर लगेच तक्रार करतं, कारण स्लाइसही उशिरा मारला तर निर्दोष नाही. छातीच्या उंचीवर अंगावर येणाऱ्या सर्व्हिसला दोन हात, पण मागे न नेता नुसता अडवायचा. डावा खांदा एवढं देतो. आणि त्याहून उंच, डोक्यावरून जाणारं, ते ‘‘तुझा!’’

निकाल

एप्रिलअखेर टॉवेल पिळताना दुखत नव्हतं. नळ त्याच्या आधी सुटला होता. सर्वांत शेवटी गेली ती नेटजवळ टप्पा पडण्याआधीच मारायच्या बॅकहँड व्हॉलीची कळ, कारण तिथे वेळच नसतो आणि मूठ आपोआप आवळली जाते. नाना आता सहाऐवजी चार सकाळी खेळतात, एक दिवसाआड.

खेळाचं म्हणाल तर उजव्या कोर्टात स्लाइसचा एक फायदा आम्हाला आधी सुचलाच नव्हता. मधल्या रेषेवर आलेली सर्व्हिस तिथून तिरपी परतवायची तर चेंडू अंगापासून दूर, डावीकडे ढकलावा लागतो. ओढून मारणाऱ्याला ते अवघड जातं, स्लाइस मात्र मुळातच तिकडे झुकतो. तो नेटवरच्या माणसाला चुकवून समोरच्याच्या पायाशी बुटका पडतो, आणि साठीपुढच्या माणसाला गुडघ्याखालचा चेंडू म्हणजे बँकेत केवायसीला बोलावल्यासारखं असतं. जावं लागतं, पण कुरकुरत. ‘कापाकापी’ हा शब्द नाना आता अभिमानाने वापरतात.

उणे बाजूही आहे. स्लाइस उंच राहिला की नेटवरचा तो खाऊन टाकतो. आणि ॲड कोर्टात सर्व्हिस परतवताना मी पहिले दोन महिने इतके चेंडू जाळीत घातले की आम्ही बहुतेक सामने हरलो.

वेगळं काय करता आलं असतं

गटिंग पहिल्या आठवड्यात बदलायला हवं होतं. सगळ्यांत स्वस्त, उलटवता येण्याजोगी गोष्ट ती, आणि आम्ही ती शेवटी केली, कारण मुलाने दिलेली रॅकेट दोषी धरणं नानांच्या जिवावर आलं.

खांदा, कोपर आणि फटका यांचं बोलणं एकाच खोलीत व्हायला हवं होतं. मार्करला घेऊन फिजिओकडे गेलो असतो तर दोन हातांचे सहा आठवडे आणि डाव्या कुशीची झोप वाचली असती. सहा आठवडे पूर्ण वाया गेले असं मात्र म्हणणार नाही. तो दोन हातांचा आडवा अडवणारा फटका त्यांतूनच उरला.

अहवाल लिहिणारा माणूस म्हणून सगळ्यांत सलणारी गोष्ट वेगळी आहे. फेब्रुवारीत आम्ही बाजू, रॅकेट, गटिंग, ग्रिप, फटका आणि व्यायाम एकदमच बदललं. त्यामुळे नेमकं कशाने बरं वाटलं ते मला सांगता येत नाही, आणि यातलं काहीच न करता नुसता काळ गेल्यानेही कोपर बरं झालं असतं, ही शक्यता खोडता येत नाही. नोकरीत असा अहवाल मी परत पाठवला असता. मार्करला हे सांगितलं तर तो म्हणाला, कोपरा बदलल्याने. फिजिओ म्हणते, पाण्याच्या बाटलीने. वहिनींचं मत आहे की सहाच्या चार सकाळी झाल्या म्हणून.

आता मे आहे, ऊन चढायच्या आत म्हणून पावणेसहालाच सुरुवात होते. गेल्या रविवारी पाच-पाच बरोबरी असताना नानांच्या बॅकहँडला एक आयता, कमरेच्या उंचीचा चेंडू आला. त्यांनी ग्रिप फिरवली, डावा हात सोडला आणि एका हाताने, चेंडूला पुढे फिरकी देत, सरळ टॉपस्पिन ओढला, कॉलेजात मारायचे तसा. चेंडू बेसलाइनच्या दोन फूट बाहेर पडला. कुणीच काही बोललं नाही. पोह्यांच्या टेबलावर मी विचारलं, ‘‘नाना, कोपर?’’

‘‘छे, काही नाही,’’ नाना म्हणाले आणि चहाचा कप डाव्या हाताने उचलला.